नाहीशी होणारी यादी आणि अर्धा सेकंद

संगणकाच्या पडद्यावर एखादे वेबपान उघडले की वरच्या बाजूस किंवा डाव्या कडेला काही शब्द ओळीने मांडलेले दिसतात. ‘प्रवेश’, ‘परीक्षा’, ‘निकाल’, ‘शिष्यवृत्ती’ असे. यांपैकी एखाद्या शब्दावर माउसचा बाण नुसता नेला, बटण दाबले नाही, तरी त्या शब्दाच्या खाली अगर शेजारी आणखी एक यादी उलगडते. बाण तेथून हलवला की ती यादी मिटते. शब्दांच्या मूळ ओळीला मेनू म्हणतात; उलगडणाऱ्या यादीला आपण या लेखापुरते पोटमेनू म्हणू. यादी उलगडते कशी, हा प्रश्न सोपा आहे. ती मिटावी केव्हा, हा प्रश्न त्यामानाने अवघड आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

कला शाखेच्या वार्षिकात हा यंत्राचा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, या प्रश्नाचा यंत्राशी संबंध थोडा आणि माणसाशी फार आहे. यादी मिटवायला यंत्राला काहीच वेळ लागत नाही. वेळ लागतो तो माणसाच्या हाताला. आणि हाताला किती वेळ लागतो याचा नियम शोधून काढला तो एका मानसशास्त्रज्ञाने, संगणकाला माउस जोडला जाण्याच्याही आधी.

विषय क्षुल्लक वाटेल, पण त्याचा चटका बसतो तेव्हा तो क्षुल्लक राहत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस आहे. ‘शिष्यवृत्ती’ या शब्दावर बाण नेला, यादी उलगडली, तीत सातव्या ओळीवर ‘नूतनीकरण’ हा हवा असलेला शब्द स्पष्ट दिसतो आहे. बाण तिकडे निघतो आणि वाटेतच यादी नाहीशी होते. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. दोनतीनदा असे झाले की माणूस, विशेषतः वयस्क माणूस, ‘मला हे संगणकाचे जमत नाही’ असे म्हणून उठतो. दोष त्याच्या हाताचा नसतो. ज्याने यादी रचली त्याने हाताचा स्वभाव विचारात घेतला नाही, एवढेच घडलेले असते.

तिरकी वाट

यादी वाटेत का मिटते हे नीट समजण्यासाठी एक उदाहरण आकड्यांत मांडून पाहू. पडद्याच्या डाव्या कडेला नऊ शब्दांचा उभा मेनू आहे. प्रत्येक शब्दाची पट्टी २०० पिक्सेल रुंद आणि ३० पिक्सेल उंच आहे. (पिक्सेल म्हणजे पडद्यावरचे चित्र ज्या बारीक ठिपक्यांचे बनते त्यांतला एक ठिपका.) तिसऱ्या पट्टीवर बाण नेला की तिच्या उजव्या कडेला लागून पोटमेनू उघडतो. त्यात तेवढ्याच उंचीच्या आठ पट्ट्या आहेत आणि त्याची वरची कड तिसऱ्या पट्टीच्या वरच्या कडेशी जुळलेली आहे. बाण सध्या तिसऱ्या पट्टीत, डावीकडून ६० पिक्सेलवर, उंचीच्या मध्यावर आहे. हवा आहे तो पोटमेनूतला सातवा शब्द, आणि तो आत ४० पिक्सेलवर सुरू होतो.

म्हणजे बाणाला १८० पिक्सेल उजवीकडे आणि १८० पिक्सेल खाली जायचे आहे. मनुष्याचा हात अशा वेळी काय करतो? तो सरळ लक्ष्याकडे, म्हणजे तिरका निघतो. १५ पिक्सेल खाली उतरताच बाण तिसऱ्या पट्टीच्या बाहेर पडतो. त्या क्षणी उजवीकडेही तो १५ पिक्सेलच सरकलेला असतो. पोटमेनूची कड अजून १२५ पिक्सेल दूर आहे आणि तिरक्या वाटेने हे अंतर सुमारे १७७ पिक्सेल भरते. या वाटेवर बाण चौथी, पाचवी, सहावी आणि सातवी पट्टी पूर्ण ओलांडतो आणि आठवीला चाटून मग पोटमेनूच्या जागी पोचतो. यंत्र जर शब्दशः आज्ञाधारक असेल तर चौथ्या पट्टीला स्पर्श होताच ते तिसरीचा पोटमेनू मिटवील आणि चौथीचा उघडील, मग पाचवीचा, मग सहावीचा. बाण मुक्कामी पोचेल तेव्हा तेथे ‘नूतनीकरण’ नसेल, भलतीच कोणती तरी यादी असेल.

ही अडचण टाळण्याचा एक मार्ग वापरणाऱ्याच्या हाती असतो. आधी बाण अगदी आडवा, तिसऱ्या पट्टीच्या आतूनच उजवीकडे न्यायचा, पोटमेनूत शिरायचे आणि मग काटकोनात खाली वळायचे. सराईत माणसे हे नकळत शिकतात. हात रुळावरून चालल्यासारखा चालवतात. पण असे चालणे महाग पडते, आणि किती महाग पडते हे प्रयोगांनी मोजलेले आहे.

फिट्सचा नियम आणि बोगद्याचा नियम

पॉल फिट्स हे अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात मानसशास्त्राचे संशोधन करीत होते. १९५४ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग वरवर अगदी साधा आहे. टेबलावर धातूच्या दोन पट्ट्या ठेवल्या. प्रयुक्ताने हातातील लेखणीसारख्या सळईने त्यांवर आळीपाळीने, जमेल तितक्या भरभर टोले द्यायचे. पट्ट्यांची रुंदी पाव इंचापासून दोन इंचांपर्यंत आणि त्यांमधील अंतर दोन इंचांपासून सोळा इंचांपर्यंत बदलत नेले. निष्कर्ष असा निघाला की, लागणारा वेळ अंतर आणि रुंदी यांच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमवर अवलंबून असतो. सूत्ररूपाने लिहायचे तर : वेळ = क + ख × लॉग (२ × अंतर ÷ रुंदी). येथे लॉगॅरिदमचा पाया २ धरायचा. क आणि ख हे त्या त्या साधनाचे ठरलेले आकडे.

गणिताचा कंटाळा असणाऱ्यांनी यातली एकच गोष्ट ध्यानात ठेवावी. अंतर दुप्पट झाले म्हणून वेळ दुप्पट होत नाही. त्यात फक्त एक ठराविक भर पडते. चौपट झाले तर तशाच दोन भरी पडतात. मोकळ्या जागेतून लक्ष्याकडे झेपावणारा हात लांबच्या पल्ल्याला फारसा घाबरत नाही. १९७८ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात स्टुअर्ट कार्ड, विल्यम इंग्लिश आणि बेटी बर यांनी माउसवर प्रयोग केले, तेव्हा टेबलावरच्या सळईचा हा नियम पडद्यावरच्या बाणालाही लागू पडतो असे दिसून आले.

परंतु फिट्सच्या प्रयोगात दोन पट्ट्यांच्या मधली जागा मोकळी होती. सळई वाटेत कोठून जाते याची कोणाला पर्वा नव्हती. आपल्या मेनूत तसे नाही. तिसऱ्या पट्टीच्या आतूनच उजवीकडे जायचे म्हणजे ३० पिक्सेल उंचीच्या बोगद्यातून भिंतींना न शिवता चालायचे. अशा हालचालीचा नियम निराळा आहे. जॉनी अ‍ॅको आणि शुमिन झाय यांनी तो १९९७ साली मांडला. सारख्या रुंदीच्या बोगद्यातून जायला लागणारा वेळ बोगद्याच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो आणि रुंदीच्या व्यस्त प्रमाणात. येथे लॉगॅरिदमची सवलत नाही. लांबी दुप्पट तर अवघडपणा दुप्पट. रुंदी निम्मी तरी दुप्पटच. आपल्या उदाहरणात बोगदा १४० पिक्सेल लांब आणि ३० रुंद, म्हणजे अवघडपणाचा आकडा सुमारे ४.७. जागा वाचवण्यासाठी कोणी पट्ट्यांची उंची १५ पिक्सेलवर आणली तर तोच आकडा ९.३ होतो. दाटीवाटीने शब्द कोंबलेल्या मेनूत हात का चाचरतो याचे उत्तर या भागाकारात आहे.

यादी मिटायला थोडा उशीर केला म्हणजे काय साधते, हे आता सांगता येईल. त्या उशिराच्या अवधीत बोगद्याच्या भिंती नाहीशा होतात. बाण चौथ्या पट्टीवर गेला, पाचवीवर गेला, तरी काही बिघडत नाही; मुक्काम गाठला की झाले. हात बोगद्याच्या नियमातून सुटतो आणि फिट्सच्या उदार नियमाखाली परत येतो. विलंब ही वापरणाऱ्याला दिलेली दयाबुद्धीची सूट आहे असे समजण्याचे कारण नाही. अवघड हालचालीच्या जागी सोपी हालचाल आणून ठेवण्याचा तो एक उपाय आहे.

विलंबाची घडण

हे प्रत्यक्षात कसे घडवतात? वेबपानाला हालचाल देणारी भाषा म्हणजे जावास्क्रिप्ट. ती नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली तयार केली. या भाषेत ‘सेटटाइमआउट’ नावाची एक आज्ञा आहे. अमुक इतक्या मिलिसेकंदांनी अमुक काम कर, असे ती सांगते. (एक हजार मिलिसेकंदांचा एक सेकंद.) आज्ञा दिली की संगणक तिचा एक क्रमांक परत देतो, आणि ‘क्लिअरटाइमआउट’ या दुसऱ्या आज्ञेला तो क्रमांक दिला की ठरलेले काम रद्द होते. सगळी युक्ती या दोन आज्ञांत आहे. बाण मेनूच्या बाहेर गेला की यादी मिटवायची नाही; ‘४०० मिलिसेकंदांनी मिटव’ असा गजर लावायचा आणि त्याचा क्रमांक जपून ठेवायचा. तेवढ्यात बाण मेनूत अगर पोटमेनूत परत आला तर गजर रद्द करायचा. नाही आला तर वेळ भरताच यादी आपोआप मिटते. पाहुणा उंबरठ्याबाहेर चप्पल नीट ठेवायला वाकला म्हणून कोणी दार लावून घेत नाही. तो खरोखर निघाला आहे अशी खात्री पटेपर्यंत थांबतो. तसेच हे.

नवशिक्यांच्या हातून बहुधा रद्द करण्याचा भाग राहून जातो. गजर लावलेला असतो, बाण परत आलेला असतो, माणूस निवांतपणे यादी वाचीत असतो, आणि जुना गजर वाजून यादी डोळ्यांदेखत मिटते. हे तर उशीर नसण्यापेक्षाही वाईट, कारण आता यादी का मिटली याचा अंदाजच करता येत नाही. बाण चटकन आतबाहेर झाला तर असे दोनतीन गजर एकावर एक लागून बसतात. म्हणून नवा गजर लावण्यापूर्वी जुना रद्द करण्याची सवय असावी.

आणखी एक खोच आहे. बाण बाहेर गेल्याची वर्दी देणाऱ्या दोन घटना ब्राउझरमध्ये आहेत. ‘माउसआउट’ ही जुनी घटना चौकटीतल्या चौकटीत, म्हणजे यादीच्या मोकळ्या जागेवरून आतल्या एखाद्या शब्दावर बाण गेला, तरी ‘बाहेर गेला’ अशी आवई उठवते. ‘माउसलीव्ह’ ही घटना बाण चौकटीच्या सर्व आतल्या भागांसह खरोखर बाहेर पडला तरच कळवते. ती प्रथम मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोअररमध्ये आली आणि पुढे सर्वांनी घेतली. मेनूसाठी दुसरीच वापरावी.

जावास्क्रिप्ट न वापरताही हे साधते. पानाच्या रूपरंगाची सीएसएस ही भाषा आहे. तिच्या १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘हॉव्हर’ म्हणजे ‘बाण वर असताना’ ही अट आली. २००३ साली पॅट्रिक ग्रिफिथ्स आणि डॅन वेब यांनी ‘सकरफिश’ नावाने प्रसिद्ध केलेली मेनूची रीत याच अटीवर उभी होती आणि ती फार लोकप्रिय झाली. त्या काळचा इंटरनेट एक्स्प्लोअरर सहा ही अट फक्त दुव्यांपुरतीच मानीत असे, म्हणून त्याच्यासाठी तेवढा जावास्क्रिप्टचा टेकू द्यावा लागे. मात्र या रीतीत मूळात उशिराची सोय नव्हती. ती नंतर ‘ट्रान्झिशन’ या गुणधर्माने आली. येथे ध्यानात ठेवायची गोष्ट अशी की, उशीर मिटलेल्या अवस्थेच्या नियमात लिहायचा आणि उघडलेल्या अवस्थेच्या नियमात शून्य लिहायचे, कारण ब्राउझर ज्या अवस्थेकडे जायचे तिचा नियम पाळतो. शिवाय उशीर ‘व्हिजिबिलिटी’ या गुणधर्माला लावावा. केवळ पारदर्शकता बदलली तर यादी दिसेनाशी होते पण जागेवर राहते, आणि तिच्यामागील शब्दांवर केलेले क्लिक ती गिळून टाकते.

किती थांबावे?

येथे मतभेद आहेत, आणि ते असणारच. जेकब नीलसन यांनी २००९ साली मोठ्या आकाराच्या मेनूंविषयी लिहिताना उघडण्यापूर्वी अर्धा सेकंद आणि मिटण्यापूर्वी अर्धा सेकंद थांबावे असे सुचवले. ‘सुपरफिश’ या नावाची जी तयार मेनूसामग्री पुष्कळ संकेतस्थळांनी वापरली, तिच्यात मिटण्याचा उशीर न सांगता ८०० मिलिसेकंद धरलेला असतो. विंडोजच्या स्वतःच्या मेनूत पोटमेनू उघडण्यापूर्वी ४०० मिलिसेकंद थांबण्याची मूळ योजना आहे.

वरचे उदाहरण पुन्हा घेऊ. बाणाचा वेग सेकंदाला ६०० पिक्सेल धरला तर १७७ पिक्सेलची तिरकी वाट सुमारे ०.३ सेकंदात संपते. अशा माणसाला ४०० मिलिसेकंद पुरतात. वेग निम्मा, ३०० पिक्सेल, असला तर ०.५९ सेकंद लागतो आणि अर्ध्या सेकंदाची सूटही तोकडी पडते. मग सरसकट एक सेकंद का ठेवू नये? कारण उशिराची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. ज्याला यादी नको आहे, ज्याचा बाण केवळ जाता जाता मेनूवरून गेला, त्याच्या मजकुरावर ती सेकंदभर ठाण मांडून बसते. एक दशांश सेकंदाच्या आत घडलेली गोष्ट माणसाला ‘तत्काळ’ वाटते. त्यापलीकडे यंत्र रेंगाळते आहे असे भासू लागते. आडव्या मेनूत, जेथे पोटमेनू थेट खाली उघडतो आणि मध्ये असली तर थोडी फट असते, तेथे ३०० मिलिसेकंदही भरपूर होतात असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. उभ्या मेनूचे दुखणे मोठे आहे.

आणि उभ्या मेनूत केवळ मिटण्याचा उशीर पुरत नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. तिसऱ्या पट्टीचा पोटमेनू अर्धा सेकंद टिकवला, पण चौथ्या पट्टीला स्पर्श होताच तिचा पोटमेनू त्याच जागी उघडू दिला, तर उशीर वाया गेला. दोन याद्या एकमेकींवर चढतील, किंवा नवी उघडण्यासाठी जुनी ताबडतोब मिटवावी लागेल. म्हणून उघडण्यालाही तेवढाच उशीर हवा. आता मात्र ज्याला खरोखर एकेक पट्टी पाहत खाली उतरायचे आहे, त्याला प्रत्येक पायरीवर अर्धा सेकंद ताटकळावे लागते. एकाची सोय ती दुसऱ्याची गैरसोय होते.

त्रिकोणाची युक्ती

या पेचातून सुटण्याची वाट जुनी आहे. अ‍ॅपल कंपनीत ब्रूस टोग्नाझिनी यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास मॅकिंटॉशच्या पोटमेनूंची आखणी करताना घड्याळाबरोबर दिशेचाही विचार केला. बाणाच्या ठिकाणापासून पोटमेनूकडे रुंदावत जाणारे त्रिकोणी क्षेत्र त्यांनी राखीव मानले. बाण त्या क्षेत्रातून पोटमेनूकडे जात असेल तर वाटेतल्या पट्ट्यांनी गप्प बसायचे. २०१३ साली बेन केमेन्स यांनी अ‍ॅमेझॉनच्या दुकानाच्या मेनूत हीच कल्पना कशी वापरलेली आहे याचे विवेचन केले आणि तशा मेनूची सामग्री सर्वांना मोफत उपलब्ध करून दिली. बाणाच्या मागील क्षणाच्या ठिकाणापासून पोटमेनूच्या जवळच्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कोपऱ्यांकडे दोन रेषा कल्पाव्यात. बाणाचे नवे ठिकाण या दोन रेषांच्या आत असेल तर माणूस पोटमेनूकडे निघाला आहे. बाहेर असेल तर त्याला मेनूतच खालीवर हिंडायचे आहे. पहिल्या बाबतीत थांबायचे, दुसऱ्या बाबतीत लगेच नवी यादी उघडायची.

हा उपाय पाहून काही जण ‘आता उशिराची गरज उरली नाही’ असे म्हणतात. ते बरोबर नाही. त्रिकोणाच्या आत असताना बाण मध्येच थांबला तर? माणसाचा विचार बदलला असेल, त्याला पाचवीच पट्टी हवी असेल. म्हणून केमेन्स यांच्या रचनेतही त्रिकोणाच्या आत ३०० मिलिसेकंदांचा गजर ठेवलेलाच आहे. कोठे थांबायचे आणि कोठे नाही एवढे त्रिकोण ठरवतो. थांबायचे ते घड्याळावरच. यंत्राने बाण ‘कोठे आहे’ एवढेच न पाहता ‘कोणीकडे निघाला आहे’ हे पाहावे, हा विचार मात्र मोलाचा आहे. हेतू ओळखण्याकडे टाकलेले ते एक लहानसे पाऊल आहे.

सर्वांचे हात सारखे नसतात

आतापर्यंत आपण धडधाकट हाताचा विचार केला. कंपवाताच्या विकारात हाताचा कंप साधारणपणे सेकंदाला चार ते सहा वेळा होतो. पाच वेळा धरला तर एक पूर्ण हेलकावा ०.२ सेकंदाचा, म्हणजे पट्टीच्या कडेवर असलेला बाण बाहेर जाऊन त्याच ०.२ सेकंदाच्या आत परत येतो. उशीर नसेल तर अशा माणसापुढे यादी सेकंदाला पाच वेळा उघडमीट करील. ३०० मिलिसेकंदांचा, परत येताच रद्द होणारा गजर असेल तर यादी स्थिर राहील. सराईताच्या दृष्टीने केवळ सफाईचा असलेला हा उपाय येथे पान वापरता येणे आणि न येणे यांतला फरक ठरतो.

अधू दृष्टीचे लोक पडदा मोठा करून पाहतात. चौपट मोठा केला तर एका वेळी पडद्याचा सोळावा हिस्साच नजरेसमोर असतो, आणि उरलेला भाग पाहण्यासाठी बाणच हलवावा लागतो. पोटमेनू वाचायला बाण हलवला आणि त्यामुळेच पोटमेनू मिटला, अशी त्यांची अवस्था होते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने जून २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २.१ आवृत्तीत कलम १.४.१३ याच कारणाने आले. बाण वर नेल्याने उघडणाऱ्या मजकुराबद्दल त्यात तीन अटी आहेत : बाण न हलवता तो बंद करता यावा (सामान्यतः एस्केप कळीने), उघडलेल्या मजकुरावर बाण नेला तरी तो मिटू नये, आणि वापरणाऱ्याने सोडेपर्यंत तो आपणहून नाहीसा होऊ नये. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ साली प्रथम निघाली. २०२३ ची तिसरी आवृत्ती याच आंतरराष्ट्रीय तत्त्वांच्या आधारे बेतलेली आहे. तेव्हा शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्याची तक्रार ही केवळ कुरकुर नव्हे. तिला आता लिखित आधार आहे.

मोबाइल फोनवर तर बाणच नाही. बोट काचेला टेकते किंवा टेकत नाही; ‘नुसते वर धरणे’ ही अवस्था तेथे नाही. त्यामुळे केवळ बाणाच्या भरवशावर ठेवलेला पोटमेनू बोटाच्या स्पर्शाला, तसेच टॅब कळीने पुढे सरकणाऱ्यालाही पारखा होऊ शकतो. शहाणी रचना अशी की, पोटमेनू क्लिकने, स्पर्शाने आणि एंटर कळीने उघडावा व मिटावा. बाण वर नेऊन उघडणे ही माउसवाल्यांसाठी जादा सोय असावी, आणि तिला योग्य तो उशीर असावा.

एक प्रात्यक्षिक

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा विषय प्रयोगशाळेत हाताळता येईल. वरच्या उदाहरणातील मापांची दोन पाने संगणक विभागातील एखाद्या मित्राकडून करून घ्यावीत. एकात उघडण्याचा आणि मिटण्याचा उशीर शून्य, दुसऱ्यात दोन्ही ४०० मिलिसेकंद. बाकी रंग, शब्द, आकार सर्व सारखे. विशीतील दहा आणि साठीपुढील दहा प्रयुक्त घ्यावेत. निम्म्यांना आधी पहिले पान द्यावे, निम्म्यांना आधी दुसरे, म्हणजे सरावाचा परिणाम एकाच पानाच्या पदरात पडणार नाही. प्रत्येकाला पोटमेनूतील दहा शब्द एकेक करून सांगावेत, त्यांतले पाच वरच्या ओळींतले आणि पाच खालच्या. प्रत्येक वेळी लागलेला वेळ आणि भलतीच यादी उघडण्याचे प्रसंग नोंदवावेत. तक्ता करताना वरच्या आणि खालच्या ओळी वेगळ्या ठेवाव्यात, कारण तिरकी वाट खालच्या ओळींना जाते आणि फरक दिसायचा तर तेथेच दिसेल. शेवटी, दोन पानांत काय वेगळे होते हे सांगण्यापूर्वी, प्रत्येक प्रयुक्ताला विचारावे की कोणत्या पानावर आपला हात अधिक चांगला चालला असे त्याला वाटले आणि का. ते उत्तर त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावे.